नव्या व्हर्जनची फाइल, जुनं सॉफ्टवेअर: अंबड-सातपूरवाले, तुम्ही काय करता?

टूलरूम अंबड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं टूलरूम आहे. वेल्डिंग फिक्श्चर (काम करताना जॉब जागेवर पकडून ठेवणारी जोडणी), चेकिंग गेज, अधूनमधून प्रेस टूल. थ्रीडी डिझाइनला सॉलिडवर्क्स २०१९ हे सॉफ्टवेअर वापरतो, कायमच्या लायसन्सचं, रीतसर बिलावर घेतलेलं. त्यात आमचं काहीच अडत नाही. अडतं ते बाहेरून फाइल आली की. एका मोठ्या ग्राहकाने व्हर्जन बदललं आणि त्यांच्याकडून येणारे पार्ट आमच्याकडे उघडायचे बंद झाले. फाइल 'फ्यूचर व्हर्जन'ची आहे, एवढाच निरोप स्क्रीनवर येतो. त्यांच्या डिझाइनला फोन केला तर "तुम्ही अपग्रेड करा", पर्चेसला फोन केला तर "तारीख तीच राहील".

हा त्रास आमच्या एकट्याचा नाही. शेजारच्या गाळ्यात २०१६ आहे, पलीकडे २०२१ आहे, वायरकटवाल्याकडे नुसतं ऑटोकॅड आहे, आणि एकच जॉब या सगळ्यांच्या हातून जातो.

मला जे कळलंय ते आधी लिहितो. सॉलिडवर्क्सच्या पार्ट फाइलमध्ये नुसता आकार नसतो, तो आकार कसा बनला तेही टप्प्याटप्प्याने लिहिलेलं असतं. हे स्केच, एवढं एक्स्ट्रूड, इथे होल विझार्डने एम८चं टॅप म्हणजे आट्यांचं भोक, या कडांना फिलेट. नव्या व्हर्जनमध्ये एखाद्या फीचरला नवा पर्याय आला की फाइलमधली त्याची नोंदही नव्या पद्धतीने होते. ती नोंद २०१९ला वाचता येत नाही, कारण २०१९ बनवणाऱ्यांना पुढे काय येणार हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. उलट दिशेने चालतं, नव्याला जुनं वाचता येतं. म्हणजे फाइल खाली उतरवायची असेल तर ते काम वरच्यालाच करावं लागतं. पाठवणाऱ्याच्या मशीनवर चार क्लिकमध्ये होणारी गोष्ट आपल्या मशीनवर दिवसभर डोकं फोडूनही होत नाही.

म्हणून माझं ठाम मत झालंय की व्हर्जनची बोलणी रेट आणि तारखेबरोबर, ऑर्डर घेतानाच व्हायला हवीत. आज ती फाइल उघडली नाही की मग सुरू होतात, आणि तोवर आपले दिवस जायला लागलेले असतात.

तुमचे अनुभव हवेत. फक्त सॉलिडवर्क्सचेच असं नाही. ऑटोकॅड, कोरल, व्हिडिओ, जिथे जिथे हे होतं तिथलं लिहा. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये खाली उतरायचा रस्ता आहे, कुठे नाही, आणि उतरताना काय सांडतं?

सीएनसी सातपूर

दादा, स्टेप फाइल मागवा आणि कामाला लागा. आम्ही व्हीएमसी म्हणजे सीएनसी मिलिंग मशीनवाले, आम्हाला फीचर ट्रीशी, तुमच्या त्या टप्प्यांच्या यादीशी, घेणंदेणं नाही. स्टेप म्हणजे थ्रीडी आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचं मानक, आयएसओ १०३०३, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही, आणि १९९४पासून आहे. कॅममध्ये, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, स्टॉक लावला, टूलपाथ काढला. कोण कुठल्या व्हर्जनवर आहे हे आम्ही विचारतही नाही.

टूलरूम अंबड

सातपूरकर, मशीनिंगपुरतं तुमचं बरोबर आहे आणि आम्हीही पहिल्यांदा स्टेपच मागवतो. पण स्टेपमध्ये काय येत नाही ते एकदा नीट लिहितो, कारण रिजेक्शन तिथूनच होतं.

फिक्श्चरची बेस प्लेट घ्या. तिच्यावर एम८चे टॅप आहेत, एम६चे टॅप आहेत, आणि लोकेटरसाठी, म्हणजे जॉबची जागा पक्की करणाऱ्या पिनेसाठी, ८ एच७चे डॉवेल होल आहेत. सॉलिडवर्क्समध्ये होल विझार्डने एम८ टॅप दिला की मॉडेलमध्ये प्रत्यक्ष भोक पडतं ६.८चं, टॅप ड्रिलच्या मापाचं, आणि आटे फक्त कॉस्मेटिक, म्हणजे दाखवण्यापुरते असतात. स्टेप केली की हे कॉस्मेटिक आटे गळून जातात. समोर दिसतं ६.८चं साधं भोक. एम६च्या जागी ५चं भोक. एम१०च्या जागी ८.५चं. मुरलेला ऑपरेटर ६.८ बघितल्या बघितल्या विचारतो, "हे टॅप आहे का?" नवीन पोरगा ड्रिल मारून प्लेट खाली उतरवतो.

डॉवेलचं तर त्याहून वाईट. ८ एच७ म्हणजे ८ मिमीवर शून्य ते अधिक १५ मायक्रॉन एवढीच सूट, रीमर मारायचा. साध्या स्टेपमध्ये ते नुसतं ८ मिमीचं भोक दिसतं, शेजारच्या क्लिअरन्स होलसारखंच. लोकेटर पिन त्यात खुळखुळली की फिक्श्चर गेलं.

यावर आम्ही दोन गोष्टी करतो. स्टेपबरोबर पीडीएफ ड्रॉइंग आल्याशिवाय प्लेट मशीनवर चढवत नाही. आणि ग्राहकाला सांगतो की टॅपच्या भोकांना एक रंग, डॉवेलला दुसरा रंग द्या आणि एपी२१४ हा स्टेपचा प्रकार निवडून फाइल काढा. जुन्या एपी२०३मध्ये रंग येत नाहीत, एपी२१४मध्ये येतात. सॉलिडवर्क्समध्ये सेव्ह ॲजला गेल्यावर फाइल टाइपच्या यादीत दोन्ही वेगवेगळे दिसतात, बरेच जण पहिलं दिसेल ते निवडतात.

आलेली स्टेप कुठली आहे हे बघायला ती सरळ नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत आयएसओ-१०३०३-२१ असतं. त्याखाली हेडरमध्ये फाइल कधी आणि कुठल्या सॉफ्टवेअरमधून निघाली ते लिहिलेलं असतं, आणि फाइल स्कीमाच्या ओळीत 'ऑटोमोटिव्ह डिझाइन' असेल तर एपी२१४, 'कॉन्फिग कंट्रोल डिझाइन' असेल तर एपी२०३. एपी२४२ म्हणून त्यानंतरचं आलंय, त्यात टॉलरन्सची माहितीही मॉडेलबरोबर जाऊ शकते. पण दोन्हीकडचं सॉफ्टवेअर ती लिहिणारं आणि वाचणारं लागतं, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या कामात अजून पीडीएफला पर्याय नाही.

सीएनसी सातपूर

६.८चं अगदी खरं. आमच्याकडे सेटअप शीटवर आता "टॅप तपासा" असा रकानाच केलाय. रंगाचं मात्र माहीत नव्हतं, आजच ग्राहकाला कळवतो.

सिन्नर मुसळगाव

थोडी भर. तुमचं २०१९ कुठल्या सर्व्हिस पॅकवर आहे? सॉलिडवर्क्स २०१२च्या एसपी५पासून एक सोय आहे: शेवटच्या सर्व्हिस पॅकवरच्या व्हर्जनमध्ये लगेच पुढच्या व्हर्जनचे पार्ट आणि असेंब्ली उघडतात. म्हणजे २०१९ एसपी५मध्ये २०२०चा पार्ट उघडेल. फीचर ट्री मिळत नाही, एडिट होत नाही, पण मापं घेता येतात, असेंब्लीत बसवता येतो, वजन कळतं. एकाच पायरीपुरतं आहे हे लक्षात ठेवा. २०२२ची फाइल त्यात उघडणार नाही.

दुसरं, सॉलिडवर्क्स २०२४पासून जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची सोय आली आहे. इतकी वर्षं लोक मागत होते. पण तीही दोन व्हर्जन मागेपर्यंतच: २०२४मधून २०२३ आणि २०२२. त्याला चालू सबस्क्रिप्शन लागतं, आणि जुन्यात नसलेली फीचर्स तशीच्या तशी उतरत नाहीत.

टूलरूम अंबड

सिन्नरकर, धन्यवाद. एसपी५चं फार जणांना माहीत नसतं, बरं झालं लिहिलंत. आमच्या ग्राहकाच्या बाबतीत ते पुरत नाही, त्यांचं व्हर्जन बरंच पुढचं आहे. आणि दोन व्हर्जन मागेची सोय २०२२च्या खाली येतच नाही, म्हणजे २०१९वाला दाराबाहेरच.

सिन्नर मुसळगाव

मग स्टेपच्या आधी पॅरासॉलिड मागून बघा. सॉलिडवर्क्सचा गाभा सीमेन्सच्या पॅरासॉलिडचाच आहे, एनएक्स आणि सॉलिड एजचाही तोच. त्यामुळे एक्सटी, म्हणजे पॅरासॉलिडच्या फाइलमध्ये आकाराचं भाषांतर होत नाही, सरफेस फाटणं, फट राहणं हे प्रकार कमी. पण इथेही तीच गोम: पॅरासॉलिडलाही व्हर्जन असतं, आणि नव्याची एक्सटी जुन्यात उघडत नाही. पाठवणाऱ्याने एक्सपोर्टच्या ऑप्शनमध्ये जाऊन पॅरासॉलिडचं जुनं व्हर्जन निवडायला हवं. ते न करता फाइल आली तर तुम्हाला वाटेल की फाइलच खराब आहे.

आणि इम्पोर्ट झालेल्या बॉडीत बदल करायचा असेल तर सगळं नव्याने मॉडेल करत बसू नका. मूव्ह फेसने भोक दोन मिलिमीटर सरकवता येतं, डिलीट फेसने नको असलेला फिलेट जातो. साधा, प्लेटसारखा पार्ट असेल तर सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स बऱ्यापैकी ट्री बनवून देतं. कास्टिंगवर मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

वास्तू कॉलेज रोड

तुमच्या मानाने आम्ही आर्किटेक्ट ऑटोकॅडमध्ये सुखी आहोत. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलचं स्वरूप, दर वर्षी बदलत नाही. २००४चं स्वरूप २००६पर्यंत चाललं, २००७चं २००९पर्यंत, २०१०चं २०१२पर्यंत, २०१३चं २०१७पर्यंत, आणि २०१८चं जे आलं ते २०२५पर्यंत तेच आहे. म्हणजे ज्याच्याकडे ऑटोकॅड २०१८ आहे त्याला २०२५मध्ये केलेली फाइल उघडते. २०१७वाल्याला उघडत नाही, जरी दोघांत एकाच वर्षाचा फरक असला.

फाइल कुठल्या स्वरूपात आहे हे ऑटोकॅडशिवायही कळतं. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडायची. खाली सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी१०३२ म्हणजे २०१८चं स्वरूप, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०१५ म्हणजे २०००. फक्त बघायचं, चुकूनही सेव्ह करायचं नाही.

आणि हे असं एक क्षेत्र आहे जिथे घेणाऱ्यालाही काहीतरी करता येतं. ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे, त्यात नवी फाइल जुन्या स्वरूपात बदलून मिळते, एकगठ्ठा अनेक फाइलीही. ओपन डिझाइन अलायन्सचा ओडीए फाइल कन्व्हर्टरही फुकट आहे आणि तेच काम करतो. आमच्याकडे स्ट्रक्चरलवाले, प्लंबिंगवाले, साइटवरचा सुपरवायझर, सगळ्यांकडे वेगवेगळं ऑटोकॅड. म्हणून ऑफिसच्या प्रत्येक मशीनवर ऑप्शन्समध्ये, ओपन अँड सेव्हच्या टॅबखाली, डीफॉल्ट सेव्ह २०१०च्या स्वरूपावर ठेवलंय. त्या दिवसापासून "मॅडम, फाइल उघडत नाही" हा फोन बंद झाला.

एक खाचखळगा. सर्व्हेवाल्याकडून सिव्हिल थ्रीडी या ऑटोकॅडच्या भावंडातली फाइल आली तर ती जुन्या स्वरूपात सेव्ह करूनही उपयोग नाही, कारण कंटूर आणि अलाइनमेंट हे साध्या ऑटोकॅडचे घटकच नसतात. त्यांना सांगायचं, एक्सपोर्ट टू ऑटोकॅड करून द्या, मग साध्या रेषा होऊन येतात.

इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या रेव्हिटचं विचाराल तर तिथे खाली उतरायला जिनाच नाही. नव्या रेव्हिटमध्ये एकदा मॉडेल सेव्ह झालं की जुन्यात परत न्यायची सोय कंपनीने दिलेलीच नाही. आयएफसी, म्हणजे इमारतीच्या मॉडेलची कुठेही उघडणारी फाइल, काढता येते, पण ते स्टेपसारखंच, इमारत दिसते आणि तिच्यामागचे फॅमिली, पॅरामीटर हाताशी राहत नाहीत. म्हणून आम्ही रेव्हिटच्या कामात सगळ्या सल्लागारांचं व्हर्जन पहिल्या मीटिंगलाच लिहून घेतो आणि काम संपेपर्यंत कोणी अपग्रेड करायचं नाही असं ठरवतो.

टूलरूम अंबड

ताई, पहिल्या मीटिंगला लिहून घेणं, नेमकं हेच मला आमच्या धंद्यात हवंय. तुमच्याकडे सल्लागार एका टेबलाशी बसतात तरी. आमच्याकडे पर्चेस, डिझाइन आणि क्वालिटी ही तीन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तिघांचेही फोन आपल्याला.

लेझर कटिंग पपया नर्सरी

आमच्याकडे डीएक्सएफ, म्हणजे टूडी ड्रॉइंगची देवाणघेवाणीची फाइल येते. कटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही आर१२ म्हणजे ऑटोकॅडच्या जुन्या रिलीज १२ची डीएक्सएफ मागतो, कारण ती जवळपास सगळीकडे उघडते. पण तिचा एक तोटा सांगून ठेवतो. आर१२मध्ये स्प्लाइन आणि एलिप्स हे प्रकारच नाहीत. त्यामुळे स्प्लाइनची वळणदार कड आर१२मध्ये सेव्ह केली की तिचे बारीक बारीक सरळ तुकडे होतात. हेड प्रत्येक तुकड्याला अडखळतं आणि कडेला पैलू दिसतात. नावाचे बोर्ड, जाळी, मंदिराचं नक्षीकाम असेल तर हे फार जाणवतं. गोल आणि कंस मात्र शाबूत राहतात. तेव्हा ड्रॉइंग करतानाच शक्य तिथे स्प्लाइनऐवजी कंस वापरा.

आणि कृपया युनिट तपासा. इंचातली फाइल मिमी समजून उघडली की २५.४ पटीचा फरक पडतो. एक तरी माप मेसेजमध्ये लिहून पाठवा: "लांब बाजू ३१० मिमी". तेवढ्याने आमचं काम होतं.

करंजा डीटीपी

आमचं जग वेगळं, दुखणं तेच. रविवार कारंज्यावर डीटीपीचं काम करतो: लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. कोरलड्रॉ. सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली 'व्हर्जन' म्हणून खाना असतो, तिथे समोरच्याचं व्हर्जन निवडलं की झालं. पण निवडतो कोण? ग्राहक पेनड्राइव्हवर फाइल घेऊन येतो, डिझाइन केलं दुसऱ्याने, तो फोन उचलत नाही, आणि फ्लेक्स संध्याकाळी लावायचाय.

यात मराठीवाल्यांना जास्तीचा त्रास फॉन्टचा. फाइल जुन्या व्हर्जनला आणली तरी समोरच्याचा मराठी फॉन्ट आपल्याकडे नसतो, मग अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. म्हणून लोक सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारतात, मजकुराचं कर्व्ह होतं. दिसायला जसंच्या तसं. पण मग "चि. सौ. कां."च्या पुढचं नाव दुरुस्त करायचं म्हटलं तर अक्षरं अक्षरं राहिलेली नसतात, नुसत्या आकृत्या. पत्रिकेत नावाची चूक राहिली तर ती घरातल्या माणसांना आयुष्यभर लागते हो, हे मी फार जवळून पाहतो.

म्हणून आमचा नियम: दोन फाइली घ्यायच्या. एक कर्व्ह केलेली, छपाईसाठी. दुसरी मजकूर जिवंत ठेवलेली, समोरच्याच्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली, आणि तिच्याबरोबर फॉन्टचं नाव. वर एक पीडीएफ किंवा जेपीजी, मूळ कसं दिसत होतं ते ताडून बघायला.

कोरलची फाइल किती जुनी आहे त्याचा ढोबळ अंदाज नोटपॅडमध्ये येतो. सुरुवातीला 'आरआयएफएफ' अशी अक्षरं दिसली तर एक्स३ किंवा त्याआधीची. 'पीके' दिसलं तर एक्स४ किंवा पुढची, कारण तेव्हापासून सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल, आतून झिप केलेली असते.

नवा सभासद उपनगर

करंजा डीटीपी, पानं लावायच्या इनडिझाइनचं सांगाल का? आम्ही मंडळाची स्मरणिका करतोय. छापखान्यात सीएस६ आहे, आमचा मुलगा नव्या सीसीमध्ये करतोय.

करंजा डीटीपी

मुलाला आयडीएमएल, म्हणजे जुन्या इनडिझाइनलाही वाचता येणारी प्रत, काढायला सांगा. सीएस४ आणि पुढचं कुठलंही इनडिझाइन ती उघडतं. आयडीएमएल उघडल्यावर ओळी कुठे तुटतात ते पान अन् पान बघायचं, नव्या-जुन्याच्या मजकूर बसवण्यात फरक पडतो आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर जाते. मजकूर युनिकोड मराठीत असेल तर पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला आहे ना हे तपासा, नाहीतर जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते. छापायला द्यायची ती पीडीएफच, आणि तीही मुलाच्याच मशीनवरून काढलेली. आयडीएमएल फक्त ऐनवेळच्या दुरुस्तीसाठी.

जाता जाता: जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये असतील तर त्या छापखान्याच्या सीएस६ला आत्ताच उघडून घ्या. पेजमेकर ६ ते ७च्या फाइली सीएस६पर्यंतच्या इनडिझाइनमध्ये उघडतात, नंतरच्यांत ती सोय नाही. ते मशीन भंगारात गेलं की तुमची जुनी वर्षं गेली.

गोदाकाठ व्हिडिओ

व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियर प्रोवाल्यांसाठी. इथे घेणाऱ्याला स्वतः करता येणारा एक मार्ग आहे. पीआरप्रोज, म्हणजे प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल, हा जीझिप करून आवळलेला एक्सएमएल मजकूर असतो. सेव्हन झिपने ती सोडवायची, आत निघालेली फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडायची, वरच्या ओळींत 'प्रोजेक्ट ऑब्जेक्टआयडी'ची ओळ शोधायची. तिच्या शेवटी 'व्हर्जन' आणि पुढे आकडा असतो. तो आकडा १ करायचा, पीआरप्रोज नावाने सेव्ह करायची. जुनं प्रीमियर तिला जुनी फाइल समजतं आणि रूपांतर करून उघडतं.

मूळ फाइलची प्रत आधी बाजूला. टाइमलाइन, कट, ऑडिओ सहसा नीट येतात. नव्या व्हर्जनमधले इफेक्ट, कॅप्शन, टायटल येत नाहीत किंवा बिघडतात. लग्नाच्या तीन तासांच्या टाइमलाइनवर दोन टायटल परत करायला लागली तरी चालतं, पण रंगसंगतीचं काम केलेलं असेल तर प्रत्येक क्लिप बघावी लागते. सरळ रस्ता हवा असेल तर समोरच्याकडून फायनल कट एक्सएमएल मागा.

दा व्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवर असाल तर नवं व्हर्जन टाकायच्या आधी प्रोजेक्ट डेटाबेसचा बॅकअप घ्या. डेटाबेस एकदा वर गेला की जुनं व्हर्जन तो उघडत नाही.

सीएनसी सातपूर

मग असाच आकडा बदलून सॉलिडवर्क्सची फाइल उघडणार नाही का?

गोदाकाठ व्हिडिओ

नाही हो. प्रीमियरची फाइल वाचता येण्यासारखा मजकूर आहे, जुन्याला न कळलेला भाग वगळून बाकीचं चालतं. सॉलिडवर्क्सची फाइल बायनरी. आकडा बदलला तरी आतली रचना नवीच राहणार. फाइल मोडेल, उघडणार नाही.

टूलरूम अंबड

बरोबर. यूट्यूबवर "सॉलिडवर्क्स व्हर्जन कन्व्हर्टर" म्हणून लिंका दिसतात. कृपया ग्राहकाचे पार्ट असल्या अनोळखी साइटवर चढवू नका. बहुतेक ग्राहकांशी आपला गोपनीयतेचा करार असतो, आणि ते मॉडेल आपलं नसतं.

एक वाचक

एवढा खटाटोप कशाला? नवीन व्हर्जन क्रॅक टाकायचं, सगळं उघडतं.

टूलरूम अंबड

नको. मी हे उपदेश म्हणून लिहीत नाही, टूलरूम चालवणारा म्हणून लिहितोय. ग्राहक ऑडिटला येतो तेव्हा लायसन्स विचारतो. क्रॅकबरोबर काय आत येतं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच नेटवर्कवर मशीनचे प्रोग्राम आणि ग्राहकांची ड्रॉइंग आहेत. शिवाय मूळ अडचण सुटतच नाही. तुम्ही २०२४ टाकलं, फाइल उघडली, बदल करून सेव्ह केली. आता ती तुमच्या शेजारच्या गाळ्याला आणि तुमच्याच दुसऱ्या मशीनला उघडत नाही.

रीतसर अपग्रेड करणाऱ्यांनाही हेच सांगेन. नव्या व्हर्जनमध्ये जुना पार्ट उघडून सेव्ह केला की तो कायमचा वर गेला. असेंब्ली सेव्ह करताना तिच्यातले पार्टही सेव्ह होऊ शकतात. म्हणून अपग्रेडच्या दिवशी जुना सगळा डेटा वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचण्यापुरता करून ठेवा. आणि जुनं व्हर्जन काढून टाकू नका, सॉलिडवर्क्सची दोन व्हर्जन एका मशीनवर राहतात.

इंजिनिअरिंग शेवटचं वर्ष

सर, मी विद्यार्थी आहे. आमच्या कॉलेजात नवीन व्हर्जन आहे आणि इंटर्नशिपच्या कंपनीत २०१८. प्रोजेक्ट कॉलेजात केला तर कंपनीत दाखवू कसा?

टूलरूम अंबड

बाळा, दाखवायचंच असेल तर ई-ड्रॉइंग्जचा नवा व्ह्यूअर कंपनीच्या मशीनवर टाक, फुकट आहे, नवी फाइलही दाखवतो, एडिट होणार नाही. काम पुढे न्यायचं असेल तर कंपनीतच, २०१८मध्ये कर. २०१८मधलं कॉलेजात उघडेल, पण कंपनीत परत नेताना कॉलेजात सेव्ह केलेली प्रत नेऊ नकोस, मूळ २०१८ची ने. आणि शैक्षणिक लायसन्सवर काढलेल्या ड्रॉइंगवर तसा शिक्का छापला जातो, ते कंपनीच्या कामात चालत नाही.

फाइल कुठल्या व्हर्जनची आहे हे न उघडता बघायचं तर विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लाव आणि 'एसडब्ल्यू लास्ट सेव्हड विथ' हा कॉलम जोड. सॉलिडवर्क्स टाकलेल्या मशीनवर तो मिळतो. मी बाहेरून आलेलं फोल्डर आधी त्या कॉलमने लावून बघतो, मग उघडतो.

सिन्नर मुसळगाव

तर दादा, ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहिणार? तयार मजकूर द्या, आम्हीही वापरू.

टूलरूम अंबड

इथल्या सगळ्यांचं घेऊन कोटेशनच्या अटींत हे टाकलंय:

"थ्रीडी डेटा सॉलिडवर्क्स २०१९ किंवा त्याआधीच्या व्हर्जनमध्ये द्यावा. ते शक्य नसल्यास जुन्या व्हर्जनची पॅरासॉलिड फाइल आणि एपी२१४ स्टेप, दोन्ही द्याव्यात. टॅप व डॉवेलच्या भोकांना वेगवेगळे रंग द्यावेत. प्रत्येक पार्टबरोबर टॉलरन्ससह पीडीएफ ड्रॉइंग द्यावं. टूडी डेटा ऑटोकॅड २०१०च्या स्वरूपात, युनिट मिमी. डिलिव्हरीचे दिवस उघडणारा डेटा मिळाल्यापासून मोजले जातील."

शेवटच्या वाक्यावर पर्चेसने हरकत घेतली होती. मी अडून राहिलो. त्यांनी डिझाइनशी बोलून घेतलं आणि ते मान्य झालं. आता तिथून फाइल येते तेव्हा झिपमध्ये स्टेप, एक्सटी आणि पीडीएफ असं तिन्ही असतं.

वास्तू कॉलेज रोड

"उघडणारा डेटा मिळाल्यापासून" हे मी आमच्या करारातही घेतेय. चालेल ना?

टूलरूम अंबड

जरूर घ्या, ताई. आणि लेझरवाल्या भाऊंचं एक माप मेसेजमध्ये लिहायचं, तेही अटींत जोडतोय.